टीसीपी कॉर्क

'टीसीपी_कॉर्क' हा लिनक्स कर्नलमधील एक सॉकेट-पर्याय आहे. तो चालू असेपर्यंत कर्नल अपुरे भरलेले सेगमेंट जाळ्यावर सोडत नाही. ते रांगेत साठवले जातात आणि पर्याय बंद केल्यावर उरलेली विदा पाठवली जाते. नावाचा अर्थ 'बूच' असा असून कार्यही तसेच आहे. हा पर्याय लिनक्स २.२ पासून उपलब्ध आहे. त्याचा वापर प्रामुख्याने वेब सर्व्हरांत होतो. बूच काढायचे राहून गेल्यास मात्र प्रसारण अधूनमधून थबकते.

== पार्श्वभूमी ==
जॉन नेगल यांनी १९८४ साली आरएफसी ८९६ मध्ये लहान पॅकेटांच्या गर्दीवर उपाय सुचवला. टेलनेटवर एक अक्षर पाठवताना १ बाइट मजकुरासोबत ४० बाइटांची शीर्षे जात असत. नेगल यांच्या नियमानुसार, आधी पाठवलेल्या विदेची पोच येणे बाकी असेल तर नवा लहान सेगमेंट रोखून धरला जातो. दुसरीकडे, स्वीकारणारा संगणकही पोच लगेच देत नाही. लिनक्सवर हा विलंब बहुधा ४० मिलिसेकंदांचा असतो. प्रेषक पोचेची आणि स्वीकारणारा पुढील विदेची वाट पाहत बसतो. हे टाळण्यासाठी 'टीसीपी_नोडिले' हा पर्याय वापरतात. परंतु त्यामुळे प्रत्येक लहान लेखन स्वतंत्र पॅकेट म्हणून जाऊ शकते. कॉर्क हा त्याच्या उलट टोकाचा उपाय होय.

== कार्यपद्धती ==
सर्व्हर प्रथम बूच लावतो, प्रतिसादाचे शीर्ष लिहितो, 'सेंडफाइल' या सिस्टम कॉलने फाइल पाठवतो आणि शेवटी बूच काढतो. इथरनेटवरील एका सेगमेंटमध्ये साधारणतः १४६० बाइट विदा मावते (टाइमस्टॅम्प चालू असल्यास १४४८). शीर्ष ३०० बाइटांचे व फाइल १०,००० बाइटांची असल्यास एकूण १०,३०० बाइटांपैकी ७ पूर्ण सेगमेंटांतून १०,२२० बाइट जातात आणि ८० बाइट बुचामागे उरतात. बूच काढले नाही, तर लिनक्सच्या पुस्तिकेनुसार २०० मिलिसेकंदांची मर्यादा संपल्यावर ते आपोआप पाठवले जातात. एका जोडणीवर एकामागून एक ५० विनंत्या केल्यास या विलंबांची बेरीज १० सेकंद होते. सर्व्हर व जाळे दोन्ही जवळपास रिकामे असताना हे घडते, हे विशेष.

== दोषाचे निदान ==
हा दोष सहज लपतो. प्रत्येक प्रतिसादानंतर जोडणी बंद होत असेल, तर बंद करतानाच उरलेली विदा बाहेर पडते. जोडणी चालू ठेवल्यावरच विलंब दिसू लागतो. प्रतिसादाची लांबी सेगमेंटच्या आकाराच्या नेमक्या पटीत असल्यास मागे काहीच उरत नाही, म्हणून एक फाइल झटकन येते आणि जवळपास तेवढीच दुसरी अडखळते. मोठ्या फाइलच्या प्रसारणात तर २०० मिलिसेकंद कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

विलंबाचा आकडा हा पहिला दुवा ठरतो. ४० मिलिसेकंदांचा थांबा बहुधा उशिरा दिलेल्या पोचेकडे निर्देश करतो. २०० हा आकडा मात्र फसवा आहे, कारण लिनक्समध्ये हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवण्याची किमान मुदतही सामान्यतः तेवढीच असते. म्हणून 'टीसीपीडम्प'ची नोंद प्रेषकाच्या बाजूने घ्यावी लागते. तेथे तोच क्रमांक दुसऱ्यांदा दिसल्यास पॅकेट हरवल्याची शक्यता असते. थांब्यानंतर शेवटचा लहान सेगमेंट प्रथमच बाहेर पडत असल्यास संशय बुचावर येतो. स्वीकारणाऱ्याच्या बाजूने हे दोन्ही प्रकार सारखेच भासतात. त्यानंतर 'स्ट्रेस'च्या साहाय्याने 'सेटसॉकऑप्ट'चे कॉल पाहिले असता बूच लावल्याची नोंद सापडते, पण काढल्याची सापडत नाही. त्रुटी उद्भवल्यावर आज्ञावली ज्या वाटेने परत फिरते, तेथे हा कॉल हमखास राहून जातो.

== कर्नलनुसार फरक ==
टीसीपी_कॉर्क व टीसीपी_नोडिले हे पर्याय एकत्र वापरण्याची सोय लिनक्स २.५.७१ पासून झाली. दोन्ही चालू असल्यास कॉर्कला प्राधान्य मिळते. मात्र बूच लावलेले असतानाही नोडिले नव्याने लागू केल्यास रांगेतील विदा तत्काळ पाठवली जाते.

फ्रीबीएसडीमध्ये यासारखा 'टीसीपी_नोपुश' हा पर्याय आहे. एनजिनएक्स सर्व्हरची 'टीसीपी_नोपुश' ही एकच सूचना फ्रीबीएसडीवर हा पर्याय, तर लिनक्सवर कॉर्क वापरते, तीही सेंडफाइल चालू असतानाच. हे दोन्ही पर्याय तंतोतंत समान मानणे धोक्याचे आहे: फ्रीबीएसडीच्या जुन्या आवृत्त्यांत नोपुश बंद केल्याने रांगेतील विदा लगेच निघत नसे. कर्नलला एखादा पर्याय ठाऊक नसल्यास सेटसॉकऑप्ट 'ईनोप्रोटोऑप्ट' ही त्रुटी परत करतो. आज्ञावलीने ती तपासली नाही, तर ती बूच लागल्याच्या समजुतीत चालत राहते. लिनक्सच्या पुस्तिकेनेही, इतर प्रणालींवर चालवायच्या आज्ञावलींत कॉर्क वापरू नये असे म्हटले आहे. शीर्ष व मजकूर दोन्ही स्मृतीत असतील, तर 'राइटव्ही'च्या एकाच कॉलने ते एकत्र पाठवता येतात आणि बुचाची गरजच उरत नाही.