शिंपल्याचा रंग, हिकरीची काडी

२००३ सालच्या उन्हाळ्यात शिकागोजवळच्या एका गराज सेलमध्ये मी आमच्या चिरंजीवांसाठी जुना ड्रमसेट दोनशे डॉलरला घेतला. तो तेव्हा हायस्कूलच्या बँडमध्ये वाजवायचा, आणि नव्या सेटची किंमत ऐकून मी गप्प बसलो होतो. चार ड्रम, वर काळ्या-करड्या शिंपल्यासारखं चकाकणारं प्लॅस्टिक, कडेला जरा उचकटलेलं. मी पडलो इंजिनियर. घरी आल्यावर ठरवून टाकलं की हे प्लॅस्टिक काढायचं आणि आतल्या खऱ्या लाकडाला पॉलिश करायचं. मुलगा म्हणाला, "बाबा, तो रंगच तर छान आहे, राहू दे ना." मी कसलं ऐकतोय! शनिवार-रविवार बेसमेंटमध्ये बसून, हीट गन लावून सगळं सोलून काढलं.

त्या प्लॅस्टिकचा इतिहास मला मागाहून कळला. तो निम्मा आपल्या शिकागोचाच आहे, म्हणून मंडळींना सांगावासा वाटतो.

विल्यम लुडविग हा जर्मनीत जन्मलेला, लहानपणीच आईवडिलांबरोबर शिकागोला आलेला मुलगा. म्हणजे आपल्यासारखाच बाहेरून आलेला. पुढे तो ड्रमवादक झाला. पायाने वाजवायचा पेडल त्याला हवा तितका जलद मिळेना, म्हणून त्याने स्वतःच बनवला आणि १९०९ मध्ये भाऊ थिओबाल्डबरोबर कंपनी काढली. मध्यंतरी कंपनी आणि तिच्याबरोबर स्वतःचं नावही दुसऱ्यांच्या हाती गेलं. १९३७ मध्ये त्याने डेमन अ‍ॅव्हेन्यूवर पुन्हा नव्याने कारखाना सुरू केला आणि १९५५ मध्ये आपलं नाव परत विकत घेतलं. स्वतःचंच नाव पैसे मोजून परत घ्यायचं, या गोष्टीचं मला फार अप्रूप वाटतं.

सुरुवातीला ड्रम साध्या लाकडाचे नाहीतर रंग दिलेले असत. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यावर सेल्युलॉइडचं मोतिया आवरण चिकटवण्याची पद्धत आली. कंगव्यांना, हातआरशांना, अ‍ॅकॉर्डियनला जे लावत तेच हे. कमोडच्या झाकणांवरही तोच माल दिसे, त्यावरून ड्रमर मंडळी या फिनिशची अजून टिंगल करतात. पण गंमत बघा, ड्रमचा दर्शनी रंग वाजवणाऱ्याला स्वतःला फारसा दिसतच नाही. त्याच्यासमोर असतात ती ड्रमची पानं. रंग असतो तो प्रेक्षकांसाठी. शिकागोतच जन्मलेला जीन क्रुपा हे चांगला ओळखून होता. त्याचा पांढऱ्या मोतिया रंगाचा स्लिंगरलँड सेट रंगमंचाच्या दिव्यांत असा उठून दिसे, की मागे बसणारा ड्रमर हा बँडचा हीरो झाला. १९३८च्या जानेवारीत बेनी गुडमनबरोबर कार्नेगी हॉलमध्ये तो वाजवत होता, तोपर्यंत अमेरिकेतल्या कितीतरी पोरांना पांढराच सेट हवा असे.

आता शिंपल्याकडे वळतो. १९६३ मध्ये लंडनच्या शाफ्ट्सबरी अ‍ॅव्हेन्यूवरच्या 'ड्रम सिटी' या दुकानात रिंगो स्टार नवा सेट घ्यायला गेला. दुकानाचे मालक आयव्हर आर्बिटर यांच्या आठवणीप्रमाणे, आधी पसंत पडला तो रंग, 'ऑयस्टर ब्लॅक पर्ल'. तो रंग लुडविगचा, म्हणून सेटही लुडविगचा! आर्बिटर यांनी तिथेच बीटल्सच्या नावाचं, 'टी' अक्षराचा पाय लांबवलेलं चित्र काढून दिलं. मोठ्या ड्रमवर त्या नावाच्या वर कंपनीचंही नाव राहिलं. पुढच्या वर्षी, ९ फेब्रुवारी १९६४ला, एड सुलिव्हनच्या कार्यक्रमात अमेरिकेतल्या सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो काळा-करडा ड्रम आणि त्यावरचं ते नाव पाहिलं. लुडविगने या जाहिरातीसाठी एक पैसा खर्च केला नव्हता. मग ऑर्डरींचा असा पूर आला की डेमन अ‍ॅव्हेन्यूवरचा कारखाना रात्रंदिवस चालवावा लागला. त्याच सप्टेंबरात बीटल्स शिकागोला आले, तेव्हा कंपनीने रिंगोला सोन्याचा मुलामा दिलेला स्नेअर ड्रम भेट दिला. त्यात नवल ते काय!

बरं, त्याच रिंगोने १९६८च्या सुमारास साध्या मेपल लाकडाचा सेट घेतला. १९६९च्या जानेवारीत गच्चीवर झालेल्या त्या प्रसिद्ध कार्यक्रमात तोच दिसतो. पुढे सत्तरच्या दशकात लाकूड दाखवण्याची टूम आली आणि कित्येकांनी जुन्या सेटवरचं आवरण सोलून टाकलं. म्हणजे मी जे केलं ते तीस वर्षं उशिरा! शिवाय प्लॅस्टिकखालचं लाकूड मुळी दाखवायला बनवलेलंच नसतं. डिंकाचे डाग, विजोड पापुद्रे. माझ्या पॉलिशने ते आणखीच उठून दिसले. रिंगोचा तो १९६३चा सेट २०१५ मध्ये लिलावात वीस लाख डॉलरच्या वर गेला. आमचा काही तसा नव्हता, पण हे वाचल्यावर दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

रंगाबाबत मुलाचं ऐकलं नाही, तसं काड्यांबाबतही माझा धीर सुटायचा. दुकानात हा पठ्ठ्या एकेक जोडी काचेच्या काउंटरवर घरंगळत सोडून वाकडी आहे का बघायचा, मग कानाशी नेऊन टकटक करायचा. अर्धा तास! मी म्हणायचो, "अरे, काड्याच ना त्या?" पण त्यामागेही इतिहास आहे. काड्यांवर ५ए, ७ए, २बी असे आकडे असतात. त्यातलं 'बी' म्हणजे बँड, 'एस' म्हणजे रस्त्यावरचं संचलन आणि 'ए' म्हणजे ऑर्केस्ट्रा. ऑर्केस्ट्राला 'ओ' का नाही, तर छापल्यावर 'ए' जास्त शोभून दिसतो, असं आपल्या लुडविगसाहेबांचं मत होतं म्हणे! आकडा लहान तितकी काडी साधारणपणे जाड. लाकूड बहुधा हिकरी, ज्याचे कुऱ्हाडीला दांडे करतात. ते हादरा स्वतःत जिरवतं, मनगटापर्यंत जाऊ देत नाही. मेपल हलकं, ओक जड. टोक लाकडाचं असेल तर त्याचे टवके उडतात, म्हणून नायगारा फॉल्सच्या जो कलॅटो यांनी १९५८ मध्ये नायलॉनचं टोक आणलं. झांजेवर त्याचा आवाज स्वच्छ येतो, पण काहींना तो टोचतो. बॉस्टन सिंफनीचे टिंपनीवादक विक फर्थ यांना बाजारातली एकही काडी पटेना. १९६३ मध्ये त्यांनी हाताने आपल्या काड्या तासल्या. पुढे त्यांच्या कंपनीने दोन्ही काड्यांचं वजन आणि नाद जुळवून जोड्या विकायला सुरुवात केली. आमचे चिरंजीव काउंटरवर तेच तपासून बघत होते. काडीवरच्या लाखेच्या गुळगुळीत थराचंही तसंच. एकाला घामात तीच पकड देते, दुसरा ती सँडपेपरने घासून काढतो.

खरं तर मला हे कळायला हवं होतं. पुण्यात कॉलेजात असताना मी दोन गणपतींत ताशा वाजवला आहे. पान कातड्याचं, पावसात सैल पडलं की जाळावर धरून तापवायचं. आणि माझ्या वेताच्या दोन काड्या कुणाला हात लावू देत नसे. दुसऱ्याच्या काडीने तर्री उमटायचीच नाही! मिरवणूक संपली की त्या रुमालात गुंडाळून घरी नेत असे. आईही म्हणायची, "अरे, काड्याच ना त्या?"

मुलगा आता सिअ‍ॅटलला असतो. गेल्या थँक्सगिव्हिंगला आला, तेव्हा ड्रम न्यायचे म्हणून आम्ही दोघांनी पानं उतरवली. आत फिकट करडा रंग होता, तिथे माझी हीट गन पोचली नव्हती. टॉर्च मारला तर आतल्या बाजूला लाल शाईचा शिक्का दिसला, १९६४च्या नोव्हेंबरातली तारीख. म्हणजे कारखाना रात्रंदिवस चालू होता त्या वर्षातला हा ड्रम! मुलाने शिक्क्याचा फोटो काढला. मग खिशातून पाकीट काढून शिंपल्याच्या रंगाचा बोटभर तुकडा माझ्यापुढे धरला. २००३ मध्ये मी कचऱ्याच्या पिशवीत भरलेल्या ढिगातून त्याने तो उचलून ठेवला होता.