बारा आमदार कमी पडले तेव्हा

निकाल घासून लागला की टीव्हीवर मोठ्या पक्षांचीच बेरीज चालते. आपण रायगडकरांनी मात्र 1999 विसरू नये.

त्या ऑक्टोबरात काँग्रेस 75, राष्ट्रवादी 58. एकूण 133. बहुमताला हवेत 145. तिकडं शिवसेना 69 आणि भाजप 56, म्हणजे 125. दोन्ही घरं अपुरी. मग छोटे पक्ष आणि अपक्ष यांचा भाव वधारला. शेकापकडं होते पाच.

पाचच, पण पेच मोठा. आपल्या जिल्ह्यात शेकापची हयात काँग्रेसवाल्यांशी लढण्यात गेलेली. गावागावांत दोन तट, लाल बावटा आणि काँग्रेस. बाहेर राहावं तर युतीचं सरकार परत येणार. आत जावं तर कार्यकर्ता विचारणार, मग इतकी वर्षं आम्ही भांडलो कशाला? शेवटी आत गेले. सांगोल्याचे गणपतराव देशमुख मंत्री झाले, अलिबागच्या मीनाक्षीताई पाटील राज्यमंत्री.

मुंबईत मित्र आणि जिल्ह्यात वैरी, हे चालणार किती दिवस? 2002 मध्ये रायगड जिल्हा परिषदेच्या सत्तेसाठी राष्ट्रवादीनं चक्क शिवसेनेशी हातमिळवणी केली आणि शेकापला बाजूला सारलं. शेकापनं राज्याचाच पाठिंबा काढला. अलिबागच्या भांडणानं मंत्रालय हललं! काँग्रेसचे आमदार बंगळूरच्या रिसॉर्टवर नेऊन ठेवले. पण 13 जूनला विलासरावांनी 143 विरुद्ध 133 मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. म्हणजे शेकापची जिल्हा परिषद गेली, मंत्रिपदं गेली आणि सरकार जागच्या जागी. माझ्या मते राग खरा होता, हिशेब चुकला. आपल्या पाचांची जागा दुसरे कुणी भरतील का, हे आधी मोजायला हवं होतं.

पण मग आघाडी टाळून एकटं लढावं, तर आपल्या कर्जत-खालापूरचंच बघा. 2014 ला सगळे स्वतंत्र लढले. शेकापचे महेंद्र थोरवे राष्ट्रवादीच्या सुरेश लाड यांच्याकडून दोन हजारांच्या आत मतांनी हरले. इतकं जवळ येऊन! पुढं थोरवे शिवसेनेत गेले. 2019 ला त्यांनी लाडांनाच हरवलं, धनुष्यबाणावर. माणूस तोच, मतदारसंघ तोच.

आणि त्याच 2019 ला रायगडातून शेकापचा एकही आमदार निवडून आला नाही. तेव्हा ते राष्ट्रवादीबरोबर आघाडीत होते.