चाकांवरचें घर

घर स्थिर असावें आणि वाहन चालतें असावें, अशी मनुष्याची साधी समजूत आहे. परंतु ज्यांची भाकरीच रस्त्यावर आहे, त्यांना या दोहोंची फारकत परवडत नाहीं. त्यांना वाहनांतच अंथरूण घालावें लागतें, वाहनाच्या सावलींत चूल मांडावी लागते, आणि वाहन हलेल तेव्हां संसारहि हलवावा लागतो. अलीकडे सुखवस्तु माणसेंहि हौसेनें मोटारव्हॅनच्या आंतील आसनें काढून तेथें बिछाना, शेगडी आणि पाण्याची टांकी बसवूं लागलीं आहेत. गरज आणि हौस यांत अंतर पुष्कळ असलें, तरी वाहनाचें घर करूं पाहणाऱ्या प्रत्येकाला तेच चार प्रश्न सोडवावे लागले आहेत. वजन किती, हवा कोठून, पाणी कोठून, आणि उभें कोठें राहावयाचें? या चार प्रश्नांना आजवर मिळालेल्या उत्तरांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

तो समजून घेण्याला कागलसारखें सोयीचें ठिकाण क्वचितच सांपडेल. राजर्षि शाहू छत्रपतींचें जन्मकुळ जें घाटग्यांचें घराणें, त्याच्या जहागिरीचें हें गांव. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग त्याला लागून जातो. कागल व हातकणंगले या दोन तालुक्यांच्या नांवानें ओळखलें जाणारें पंचतारांकित औद्योगिक क्षेत्र या परिसरांत वसलें आहे. तेथें कापड निघतें, डिझेल इंजिनें तयार होतात. कच्चा माल आणणाऱ्या व पक्का माल नेणाऱ्या मालमोटारी दूरदूरच्या प्रांतांतून येतात, आणि माल उतरण्याची किंवा भरण्याची पाळी येईपर्यंत चालक व क्लीनर केबिनमध्येंच रात्र काढतात. याच कागलला श्री छत्रपति शाहू सहकारी साखर कारखाना आहे. दिवाळीच्या सुमारास उसाच्या गळिताचे वेध लागले, कीं बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगार कोल्हापूर जिल्ह्यांत उतरतात. म्हणजे चाकांवरच्या संसाराचे दोन प्रकार या बाजूच्या रस्त्यांवर नित्य दिसतात. मात्र त्यांना घर म्हणावें, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

चार प्रश्नांपैकीं पहिला वजनाचा. हौसेच्या घरगाडीचा आरंभ बहुधा १८८५ सालचा मानला जातो. ब्रिटिश आरमारांत शल्यवैद्य म्हणून काम केलेले डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनीं त्या वर्षीं ब्रिस्टल येथील कारखान्यांत केवळ सहलीसाठीं ‘वाँडरर’ नांवाची घोडागाडी बांधवून घेतली. तींतून ते इंग्लंडांतील ट्वायफर्ड गांवापासून स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत गेले. उंची लांकूड, बैठक, स्वयंपाकाची सोय असा सारा थाट तींत होता. परंतु सामानासकट तिचें वजन सुमारें दोन टन भरे, आणि ती ओढावयाला घोडे दोनच. घरांत एक खुर्ची वाढविली, तर तिचें भाडें कोणी मागत नाहीं. चालत्या घरांत मात्र प्रत्येक वस्तु चढावर आपलें भाडें वसूल करते. घोडे जाऊन इंजिन आलें, तरी हा हिशेब सुटला नाहीं. जड वस्तु उंचावर ठेविल्या, तर वळणावर गाडी कलते. सारें ओझें एकाच अंगाला ठेविलें, तर कमानपाटे बसतात. पाण्याची टांकी भरली, तर ब्रेक लागावयाला अधिक अंतर लागतें.

ऊसतोडणी कामगारांना हा धडा कोणी शिकवावा लागला नाहीं. तोडणीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला त्यांच्या व्यवहारांत ‘कोयता’ म्हणतात. अशा एका कोयत्याचा पांचसहा महिन्यांचा संसार बैलगाडींत मावतो, किंवा अनेक कुटुंबांनीं मिळून तो ट्रकवर लादलेला असतो. पत्र्याची पेटी, धान्याचें पोतें, चार भांडीं, पांघरुणें, पाण्याची घागर, आणि या साऱ्यांवर बसलेलीं लहान मुलें, एवढाच तो पसारा. वाटेंत हीच गाडी घर असते. फडाजवळ तळ पडला, कीं ती रिकामी करावी लागते, कारण तिला आतां ऊस वाहावयाचा असतो. मग माळावर कामट्या वांकवून व त्यांवर ताडपत्री ओढून ‘कोपी’ उभी राहते. लांकडी चाकांच्या जागीं रबरी टायर आले आणि गाडी पूर्वीपेक्षां पुष्कळ अधिक ऊस वाहूं लागली. ही सुधारणा उसाच्या सोयीची झाली. संसाराच्या वांट्याला आलेली जागा होती तेवढीच राहिली.

दुसरा प्रश्न हवेचा. त्याचा जेवढा विस्तृत प्रयोग या देशांत झाला, तेवढा क्वचितच कोठें झाला असेल. मार्च १९९१ नव्हे, तर त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनीं, मार्च २०२० मध्यें करोनाची साथ पसरूं लागली, तेव्हां भारतीय रेल्वेनें आपले पांच हजारांहून अधिक डबे रुग्णांच्या विलगीकरणासाठीं बदलून घेतले. प्रवासाचा डबा मुक्कामाचा करावयाचा, तर काय काय करावें लागतें, याचा तो वस्तुपाठच होता. मधले बर्थ काढण्यांत आले. डब्याच्या टोकांला असलेल्या शौचकूपांपैकीं एकाचें न्हाणीघर झालें. खिडक्यांना डांसांसाठीं जाळी लागली, विजेचीं नवीं टोकें निघालीं, प्राणवायूच्या नळकांड्यांना जागा करण्यांत आली. ज्या शयनयानांत ७२ प्रवासी रात्र काढीत, त्यांत १६ रुग्णांची सोय झाली. माणसाला नेण्याला किती जागा लागते आणि राहण्याला किती लागते, हें या दोन आंकड्यांत स्पष्ट दिसतें.

या कामासाठीं वातानुकूलित डबे मुद्दामच घेतले नाहींत. बंद डब्यांतील हवा नळ्यांतून फिरत राहिली, तर रोगहि तिच्याबरोबर फिरेल, अशी भीति होती. म्हणून उघडतां येणाऱ्या खिडक्यांचे साधे डबे पसंत करण्यांत आले. परंतु एका अडचणीचा परिहार करतांना दुसरी पुढें आली. धांवत्या डब्याला वारा आपोआप मिळतो. उभ्या डब्याचें पोलादी छप्पर मात्र उन्हानें तव्यासारखें तापतें. एप्रिल २०२१ मध्यें साथीची दुसरी लाट आली आणि नंदुरबार जिल्ह्यांत खाटा अपुऱ्या पडूं लागल्या. त्या वेळीं असे डबे नंदुरबार स्थानकावर आणून उभे करण्यांत आले व त्यांत रुग्ण ठेवण्यांत आले. खानदेशांतील तो उन्हाळा. डब्यांत कूलर बसवावे लागले आणि छप्पर झांकण्याचे उपाय करावे लागले. व्हॅनचें घर करणारा हौशी मनुष्य पत्र्याच्या आंतून उष्णतारोधक थर लावतो, छपराला झरोका ठेवतो, तो याच कारणासाठीं. वाहन हें चालण्यासाठीं थंड राहील असें बांधलेलें असतें, आणि घर हें उभें असतांना थंड राहावें लागतें.

उरलेले दोन प्रश्न पाण्याचे व उभें राहण्याच्या जागेचे. ते एकमेकांपासून वेगळे काढतां येत नाहींत. याचें उत्तम उदाहरण म्हणजे १६ जुलै १९९१ रोजीं मुंबईहून निघालेली जीवनरेखा एक्सप्रेस. ‘इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन’ या संस्थेनें रेल्वेच्या साहाय्यानें डब्यांतच शस्त्रक्रियागृह थाटलें, आणि दवाखान्यापासून दूर असलेल्या गोरगरिबांच्या डोळ्यांवर, कानांवर, दुभंगलेल्या ओठांवर उपचार सुरू केले. परंतु ही गाडी धांवत असतांना कोणावर शस्त्रक्रिया होत नाहीं. एखाद्या स्थानकाजवळच्या रुळावर ती कांहीं आठवडे उभी राहते. तेथें पाणी, वीज, रुग्णांना नंतर निजविण्याला जवळपास जागा आणि स्थानिक माणसांचे हात मिळाले, म्हणजेच डब्यांतील कौशल्य कामीं येतें. चाकांवरचें घर अर्धें वाहनांत असतें, आणि अर्धें त्याच्या मुक्कामाच्या जागीं. दुसरा अर्धा भाग कोणी बांधला नाहीं, तर पहिला कितीहि सुबक असला तरी पुरा पडत नाहीं.

कायद्यालाहि हें हळूहळू उमगलें आहे. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें नोंदणीपुस्तकांतील वर्णनाशीं विसंगत असा मूळ वाहनांतील बदल मनाई केला आहे. व्हॅनचें घर करणाऱ्याला म्हणूनच आधीं परवानगीचा विचार करावा लागतो. युरोपांतील नियमांत मोटार-घराचीं किमान अंगें ठरलीं आहेत. बसण्याची जागा व टेबल, निजण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाचीं कपाटें हीं तीं अंगें होत. टेबलाखेरीज बाकी सारें वाहनाच्या अंगाला पक्कें जखडलेलें असावें, असाहि दंडक आहे, कारण अपघातांत सुटी पेटी माणसावर येते. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कारवान पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. त्यांत वाहनाबरोबरच तीं उभीं करण्याच्या उद्यानांचाहि विचार आहे. घराचा दुसरा अर्धा भाग शासनाच्या ध्यानांत आला, ही आनंदाची गोष्ट होय.

मात्र तो हौशी प्रवाशाच्या बाबतींत आधीं ध्यानांत आला, हेंहि विसरतां येत नाहीं. मालमोटारीची केबिन बराच काळ माणसाच्या मुक्कामाची जागा मानलीच गेली नाहीं. पुष्कळदां कंपनीकडून नुसता सांगाडा येई, आणि त्यावर मिस्त्री लांकूड व पत्रा ठोकून केबिन उभी करीत. तींतील फळीवर एकजण निजे आणि इंजिनाची ऊब त्याला मे महिन्यांतहि मिळे. साडेतीन टनांहून जड मालमोटारींच्या केबिनमध्यें वातानुकूलन असलेंच पाहिजे, असा नियम केंद्र सरकारनें २०२३ सालीं काढला, आणि २०२५ सालीं तो नव्यानें तयार होणाऱ्या गाड्यांना लागू झाला. चालकाच्या घराचा हवेचा प्रश्न अशा रीतीनें मार्गाला लागला. पण न्हाणीघर, शौचकूप आणि निर्धास्त झोंप केबिनमध्यें बसवितां येत नाहीं. तीं रस्त्याच्या कडेलाच बांधावीं लागतात.

ऊसतोडणीच्या तळावर हाच प्रश्न अधिक कठोर रूपानें उभा राहतो. तेथें अंधार असतांनाच उठून पाण्याला जाणारी प्रथम स्त्रीच असते, आणि फडांतून परतल्यावर चुलीपुढें बसणारीहि तीच. तिच्या संसाराचें वजन तिनें कधींच कमी करून ठेविलें आहे. हवा तर माळावर वाटेल तेवढी आहे. तिला हवें आहे तें पाण्याचा नळ, आडोशाचा शौचकूप आणि मुलांसाठीं जवळ शाळा. हें तिच्या गाडींत मावणारें नाहीं, व तिनें तें मावविण्याचा प्रयत्न करावा, अशी अपेक्षाहि कोणी करूं नये. गाडी तिची आहे. मुक्कामाची जागा मात्र कारखान्याची, गांवाची आणि शासनाची आहे, आणि हंगाम दरवर्षीं ठरल्या वेळींच येतो.