घरगुती श्वानाहारात म्हशीचे मांस : कृती, पोषणाचे गणित आणि कायद्याची चौकट

म्हैसूर : पाळीव श्वानासाठी मांस, धान्य आणि भाज्या घरीच शिजवण्याकडे अनेक कुटुंबांचा कल असतो. म्हशीचे मांस कोंबडीच्या तुलनेत लोह व जस्त अधिक पुरवते आणि त्याचा चरबीविरहित भाग पचनासही सोपा असतो. मात्र केवळ मांस व भात म्हणजे पूर्ण आहार नव्हे. शिवाय कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तीन राज्यांत कोणत्या जनावराचे मांस कायदेशीर आहे, याचे नियम वेगवेगळे आहेत. आहार शिजवण्यापूर्वी या दोन्ही बाबी समजून घेणे आवश्यक ठरते.

म्हैसूरमधील बन्नीमंटप हे नाव मराठी वाचकांना दसऱ्यामुळे परिचित असेल. विजयादशमीला राजवाड्यातून निघणारी जंबूसवारी सुमारे पाच किलोमीटरचे अंतर कापून येथे पोहोचते आणि रात्री येथील मैदानावर मशालींची कवायत होते. कन्नडमध्ये ‘बन्नी’ म्हणजे शमीचा वृक्ष. अज्ञातवासात पांडवांनी ज्यावर शस्त्रे ठेवली, तोच हा वृक्ष. मैदानाच्या परिसरात निवासी वसाहती असून, तेथील श्वानपालकाला कर्नाटकातील कायदा लागू होतो. पशुसंवर्धनाच्या दृष्टीने हा कायदा शेजारच्या राज्यांपेक्षा अधिक कडक आहे.

‘बीफ’ या शब्दाची संदिग्धता

भारतात ‘बीफ’ हा शब्द गाय, बैल आणि म्हैस या तिन्हींच्या मांसासाठी सैलपणे वापरला जातो. बाजारात म्हशीच्या मांसाला ‘बडे’ किंवा ‘मोठ्याचे मटण’ म्हणतात. भारतातून गायीच्या मांसाची निर्यात करण्यास मनाई आहे. निर्यात होते ती म्हशीच्या मांसाची. परदेशी पाककृतीत ‘बीफ’ असे लिहिलेले असेल, तर भारतीय घरात त्याऐवजी म्हशीचे मांस घ्यावे लागते आणि तेही कायद्याने मान्य असलेल्या जनावराचे.

कर्नाटकात १९६४ च्या कायद्याची जागा ‘कर्नाटक गोहत्या प्रतिबंध व पशु संरक्षण कायदा, २०२०’ याने घेतली. तो जानेवारी २०२१ मध्ये अध्यादेशाद्वारे अमलात आला. गाय, वासरू, वळू व बैल यांच्या कत्तलीस तेथे कोणत्याही वयात बंदी आहे. तेरा वर्षांखालील म्हैस व रेडा यांनाही हीच बंदी लागू होते. तेरा वर्षांवरील म्हशींची कत्तल सक्षम अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रानंतरच करता येते. उल्लंघनासाठी तीन ते सात वर्षे कारावास आणि प्रत्येक जनावरामागे ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मांस माणसासाठी हवे की प्राण्यासाठी, याने या बंदीत फरक पडत नाही.

महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्यातील दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशींना ही बंदी लागू नाही. मात्र कत्तलीस योग्य असल्याचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. परराज्यात कायदेशीररीत्या कापलेल्या गोवंशाचे मांस बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केले. राज्यातच कायदा मोडून मिळवलेले मांस बाळगणे मात्र गुन्हाच आहे. गोव्यात गायीच्या कत्तलीस बंदी असून बैल व म्हशींना प्रमाणपत्राच्या अटीवर परवानगी आहे. गोव्याचा मांसपुरवठा मोठ्या प्रमाणात बेळगाव परिसरावर अवलंबून असल्याने कर्नाटकातील नव्या कायद्यानंतर तेथे टंचाई जाणवली होती.

या परिस्थितीत परवानाधारक दुकानातूनच खरेदी करणे आणि पावती जपून ठेवणे शहाणपणाचे ठरते. कत्तलखान्यात पशुवैद्यकीय तपासणी झालेले मांस हे कायद्याइतकेच आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे असते.

श्वान निव्वळ मांसभक्षी नाही

श्वान लांडग्याचा वंशज असला, तरी माणसाच्या सहवासात त्याचे पचन बदलले आहे. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती श्वानांमध्ये लांडग्यांपेक्षा बऱ्याच जास्त असतात, असे स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. भाकरी, भात किंवा नाचणी श्वानाला चांगली शिजवून दिली, तर ती पचते. जुन्या म्हैसूर प्रांतात नाचणी हे मुख्य धान्य आहे आणि तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते. दक्षिण महाराष्ट्राला लागून असलेल्या मुधोळ येथील घोरपडे संस्थानिकांच्या आश्रयामुळे नावारूपाला आलेला मुधोळ हाउंड हा देशी श्वान भारतीय डाक विभागाने २००५ मध्ये टपाल तिकिटावरही आणला. अशा सडपातळ, धावणाऱ्या श्वानाची भूक आणि घरात बसून राहणाऱ्या लॅब्रॅडोरची गरज सारखी नसते. त्यामुळे आहाराचे प्रमाण वजन व हालचालीनुसार ठरवावे लागते.

उष्मांकांचा हिशेब

विश्रांतीच्या अवस्थेतील गरज काढण्यासाठी किलोग्रॅममधील वजनाचा ०.७५ घात घेऊन त्याला ७० ने गुणतात. नसबंदी झालेल्या सर्वसाधारण प्रौढ श्वानासाठी या आकड्याला १.६ ने गुणावे. त्यानुसार १० किलोच्या श्वानाला दिवसाला सुमारे ६३० आणि २० किलोच्या श्वानाला सुमारे १,०६० किलोकॅलरी लागतात. हा प्रारंभिक अंदाज असतो. दोन आठवड्यांनी वजन करून प्रमाण कमी-जास्त करावे. फासळ्या बोटांना सहज जाणवाव्यात, पण लांबून ठळक दिसू नयेत, ही घरगुती कसोटी उपयोगी पडते.

१० किलोच्या प्रौढ श्वानासाठी एका दिवसाचा नमुना

- चरबी काढलेला म्हशीचा खिमा : २०० ग्रॅम (कच्चा)
- कलेजी : १५ ग्रॅम
- तांदूळ किंवा नाचणी : ७० ग्रॅम (कोरडे)
- दुधी, भोपळा किंवा गाजर : ८० ग्रॅम
- सूर्यफूल किंवा करडईचे तेल : दोन चहाचे चमचे
- अंड्याच्या कवचाची भुकटी : सुमारे २ ग्रॅम (नाचणी वापरल्यास किंचित कमी)
- पशुवैद्याने सुचवलेले जीवनसत्त्व-खनिज मिश्रण

खिमा व कलेजी पुरेशा पाण्यात शिजवावी. मांसाच्या आतील भागाचे तापमान किमान ७१ अंश सेल्सिअस झाले पाहिजे. कुकरमध्ये हे सहज साध्य होते. तांदूळ मऊ होईपर्यंत शिजवावा आणि भाज्या बारीक चिरून उकडाव्यात. मांसाचे उरलेले पाणी टाकून न देता भातात मिसळावे, कारण पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे त्यात उतरतात. कवचाची भुकटी, तेल आणि पूरक मिश्रण अन्न कोमट झाल्यावर घालावे. कांदा, लसूण आणि तयार मसाला यांपैकी काहीही टाकू नये. कांदा व लसूण श्वानाच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. शिजवल्याने त्यांतील विषारीपणा जात नाही. त्यामुळे घरच्यांसाठी केलेल्या रश्शातील तुकडे श्वानाला देणे धोक्याचे असते. द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल हा गोडवा असलेले पदार्थही वर्ज्य आहेत.

कॅल्शियमचा प्रश्न

घरगुती आहारातील सर्वांत घातक चूक हाडांविषयी होते. मांसातील कॅल्शियम नगण्य असते, तर फॉस्फरस १०० ग्रॅममागे सुमारे २०० मिलीग्रॅम असतो. श्वानाच्या आहारात कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसइतके किंवा त्याच्या दुपटीपर्यंत असावे लागते. निव्वळ मांस व भात खाणाऱ्या पिलाच्या शरीरात कॅल्शियमची तूट पडली, की रक्तातील पातळी टिकवण्यासाठी शरीर ते स्वतःच्या हाडांतून ओढून घेते. लंगडणे, पाय वाकणे, किरकोळ उडीने हाड मोडणे ही त्याची लक्षणे होत. मांस ‘शुद्ध’ व महाग असूनही पिलू अधू होते, ते यामुळे.

कोंबडीच्या अंड्याचे कवच जवळपास पूर्णपणे कॅल्शियम कार्बोनेटचे असते. २ ग्रॅम भुकटीतून सुमारे ७५० मिलीग्रॅम कॅल्शियम मिळते. कवच दहा मिनिटे उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक करावे आणि चमच्याने न मोजता स्वयंपाकघरातील काट्यावर तोलावे. शिजवलेली हाडे हा पर्याय नव्हे. ती कुसळासारखी फुटून अन्ननलिका व आतडे फाडू शकतात. याउलट मोठ्या जातीच्या वाढत्या पिलांना कॅल्शियम जास्त झाले तरी सांधे बिघडतात. पिलू, गर्भवती मादी तसेच मूत्रपिंड किंवा यकृताचा विकार असलेला श्वान यांच्यासाठी वरील नमुना वापरू नये.

कॅल्शियमची भर घातल्यानंतरही जस्त, आयोडीन, ई व डी जीवनसत्त्वांची उणीव उरते. मिठाने आयोडीनचा प्रश्न सुटत नाही. १५ पीपीएम आयोडीन असलेल्या एक ग्रॅम मिठातून केवळ १५ मायक्रोग्रॅम मिळते, तर १० किलोच्या श्वानाची गरज त्याच्या अनेक पट असते. कलेजी वाढवून ही तूट भरू पाहणेही चुकीचे आहे, कारण ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा होऊन सांध्यांत हाडे वाढू लागतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये पुस्तके व संकेतस्थळांवरील २०० घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांपैकी १९० मध्ये किमान एक अत्यावश्यक घटक अपुरा आढळला. यांपैकी अनेक कृती पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या.

कच्चे मांस आणि हायडॅटिडचा धोका

कच्च्या मांसातून साल्मोनेला, ई. कोलाय व कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू श्वानाच्या ताटापर्यंत आणि तेथून लहान मुलांच्या हातापर्यंत येऊ शकतात. याहून मोठा धोका ‘इकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस’ या पट्टकृमीचा आहे. म्हशी, गायी व शेळ्यांच्या यकृतात किंवा फुप्फुसात त्याच्या पाण्याने भरलेल्या गाठी असतात. असा अवयव श्वानाने कच्चा खाल्ला, की त्याच्या आतड्यात कृमी वाढतात आणि त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात वा फुप्फुसात वर्षानुवर्षे वाढणारी गाठ तयार होते आणि बहुधा शस्त्रक्रियेची वेळ येते. म्हणून गाठी असलेली कलेजी व फुप्फुस विकत घेऊ नये आणि त्यांचे तुकडे गल्लीतील कुत्र्यांपुढे टाकू नयेत. वजडी व गुर्दाही पूर्ण शिजवूनच द्यावा. पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळोवेळी जंतनाशक देणे हा याचा दुसरा बंदोबस्त आहे.

साठवण, बदल आणि पर्याय

शिजवलेले अन्न दोन तासांत थंड करून फ्रिजमध्ये ठेवावे व तीन ते चार दिवसांत संपवावे. उरलेले दैनंदिन भागांत बांधून गोठवावे. नवा आहार एकदम सुरू न करता पहिल्या दोन दिवसांत चतुर्थांश, पुढे अर्धा, मग पाऊण अशा क्रमाने साधारण आठवडाभरात रूळवावा. खाज, कानाचा वारंवार संसर्ग किंवा दीर्घकाळ जुलाब दिसल्यास बीफची अ‍ॅलर्जी शक्य असते. अन्नाच्या अ‍ॅलर्जीने ग्रस्त श्वानांच्या नोंदींच्या २०१६ मधील आढाव्यात बीफ हे सर्वाधिक आढळलेले कारण होते; सुमारे ३४ टक्के श्वानांत ते दिसले.

धर्म, कुटुंबाची चालरीत किंवा शेजारधर्म यांमुळे हे मांस घरात आणायचे नसल्यास श्वानाचे काहीही अडत नाही. कोंबडी, बकऱ्याचे मटण, मासे किंवा अंडी यांवर आधारलेला आहारही तितकाच पूर्ण करता येतो. कॅल्शियम व पूरक घटकांचा हिशेब मात्र नव्याने करावा लागतो. भटक्या श्वानांना अन्न देताना २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे ठरवलेली जागा वापरावी. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये रस्त्यावर कोठेही अन्न घालण्यास मनाई करून पालिकांना स्वतंत्र जागा निश्चित करण्यास सांगितले आहे.

श्वानाचे वजन, वय, नसबंदीची स्थिती आणि दिवसाला प्रत्यक्ष दिला जाणारा प्रत्येक पदार्थ ग्रॅममध्ये लिहून नेल्यास पशुवैद्याला पूरक मिश्रणाची मात्रा नेमकी ठरवता येते. मुंबईत परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि सातारा जिल्ह्यातील शिरवळचे महाविद्यालय ही महाराष्ट्रातील अशा सल्ल्याची परिचित ठिकाणे आहेत. कर्नाटकात बिदर येथे मुख्यालय असलेल्या पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या अखत्यारीतील महाविद्यालयांकडे विचारणा करता येते.