घर्षणाचे नियम आणि किल्लारीची पहाट

घर्षणबल हे पृष्ठभागांच्या स्वरूपावर व त्यांना एकमेकांवर दाबणाऱ्या लंबबलावर अवलंबून असते, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नसते, असे आपण वर्गात शिकवतो. या नियमांच्या इतिहासातील एक धागा थेट मराठवाड्याच्या जमिनीखाली जातो.

लिओनार्दो द व्हिंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे नियम वहीत नोंदले होते. पण वह्या अप्रकाशित राहिल्या. १६९९ मध्ये आमोंताँ याने ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे नव्याने मांडले. १७८५ मध्ये कुलोमने भर घातली : लाकडावर लाकूड जितका अधिक वेळ टेकून राहील, तितके ते हलवायला अधिक बल लागते. क्षेत्रफळाचे कोडे मात्र विसाव्या शतकात बाउडन व टेबर यांनी उलगडले. दोन पृष्ठभाग फक्त उंचवट्यांच्या टोकांशी खरे टेकतात आणि हा खरा स्पर्श भाराबरोबर वाढतो. वीट आडवी ठेवा की उभी, भार तोच, म्हणून घर्षणही तेच.

१९६६ मध्ये अमेरिकेत ब्रेस व बायर्ली यांनी खडकाचे तुकडे प्रचंड दाबाखाली एकमेकांवर सरकवले. ते अडत आणि मग झटक्याने सरकत. उथळ भूकंप म्हणजे असाच झटका, असे त्यांनी सुचवले. वर्गात हे सहज दाखवता येते. विटेला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून सावकाश ओढा. पट्टी ताणत जाते, वीट जागची हलत नाही. मग एकाएकी पुढे झेपावते. स्थितिक घर्षण गतिक घर्षणाहून अधिक असते, त्यामुळे पट्टीत साठलेली ऊर्जा क्षणात मोकळी होते.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात असाच झटका बसला. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत हिमालयाशी भिडतो. तो दाब दख्खनच्या पोटातही साठतो. जुना प्रस्तरभंग घर्षणाने अडून बसलेला होता आणि वर बेसाल्टचे थर असल्याने तो दिसत नव्हता. पुढे तेथे घेतलेल्या विंधन छिद्रात बेसाल्टची जाडी सुमारे ३३८ मीटर आढळली. त्या वेळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता.

घर्षण कमी करणारा आणखी एक घटक म्हणजे भेगांतील पाणी. पाण्याचा दाब खडकावरील भाराचा काही वाटा उचलतो. परिणामी लंबबल घटते आणि घर्षणही घटते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप याच कारणामुळे धरणाच्या जलाशयाशी जोडला जातो. किल्लारीजवळच्या निम्न तेरणा जलाशयाचा असा वाटा होता का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

हजारो माणसे दगावली ती मुख्यतः घरांखाली. गोल दगड मातीत रचलेल्या जाड भिंती आणि वर माळवदाचा भार. अशी भिंत दगडांच्या वजनावर, म्हणजे घर्षणावरच उभी असते. हादऱ्यात दगडांची पकड सुटली, भिंतीचे दोन पदर फाकले आणि माळवद खाली आले. म्हणून भिंतीच्या आरपार जाणारे दगड आणि चौफेर बांधणारा पट्टा आवश्यक ठरतो.

२१ मार्च २०२४ रोजी हिंगोली-नांदेड भागात ४.५ तीव्रतेचा धक्का जाणवला. घर्षणाचा धडा शिकवताना विटेचा प्रयोग जरूर करावा, आणि मुलांना आपापल्या घराच्या भिंतींत असे आरपार दगड आहेत का, हे पाहून यायला सांगावे.