ऑपरेशनची भूल: पहाटेचा चहा, मिश्री आणि कमरेतले इंजेक्शन

ऑपरेशन ठरले की नातेवाईक हळूच विचारतात, "डॉक्टर, भुलीतून नीट उठतील ना?" केंदूर-पाबळ भागातून ऑपरेशनसाठी शिक्रापूर, शिरूर नाहीतर पुणे गाठावे लागते. निघण्याआधी हा प्रश्न मला हमखास ऐकू येतो.

भूल आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे. नवी औषधे आली, तशीच देखरेखही सुधारली. कोरोनात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास मांडले. त्याआधी ऑक्सिजन कमी झाल्याचे ओठ-नखे निळी पडल्यावर समजायचे, आता आकडा घसरताच यंत्र ओरडते. (म्हणून नेलपॉलिश काढून जा.) भूलतज्ज्ञ इंजेक्शन देऊन निघून जातात, हाही गैरसमज आहे. ऑपरेशन संपेपर्यंत ते तुमच्या उशाशी असतात.

"सिझरच्या वेळी कमरेत सुई टोचली, तेव्हापासून पाठ धरली" ही तक्रार तर घराघरात आहे. टोचलेल्या जागी काही दिवस दुखू शकते. वर्षानुवर्षांच्या पाठदुखीचे कारण मात्र बहुधा गरोदरपणात सैल झालेले सांधे, वाढलेले वजन आणि वाकून केलेली कामे हे असते. उठून बसल्यावर वाढणारी आणि आडवे झाल्यावर थांबणारी डोकेदुखी काहींना होते. बारीक सुयांमुळे तिचे प्रमाण घटले आहे आणि तिच्यावर उपचारही आहेत. अंगावर काढू नका.

खरा धोका अनेकदा घरूनच सोबत जातो. पहाटे गाडीत बसताना कुणीतरी मायेने म्हणते, "घोटभर चहा घे, लांब जायचंय." भुलीत पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात शिरू शकते, आणि ते जिवावर बेतते. दुधाचा चहा हे अन्नच आहे. दूध आणि हलका आहार किमान ६ तास आधी बंद, तळलेले-जड अन्न ८ तास आधी. साधे पाणी मात्र बहुतेकांना २ तास आधीपर्यंत चालते. रात्रभर घसा कोरडा ठेवण्याची जुनी पद्धत आता मागे पडते आहे. तुमची वेळ भूलतज्ज्ञच ठरवतील. चुकून चहा झालाच, तर सांगून टाका. ऑपरेशन काही तास पुढे ढकलता येते.

दुसरी लपलेली गोष्ट मिश्री. "तंबाखू?" विचारले की आजी नाही म्हणतात, कारण मिश्रीला त्या तंबाखू मानतच नाहीत. रोजची दारूही सांगा. अचानक सुटली तर ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, रुग्ण असंबद्ध बोलू लागतो. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटेच सोबत न्या. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साधारण ३ दिवस आधी थांबवतात, पण स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. सैल दात, कवळी, आधीच्या भुलीत झालेला त्रास, हेही सांगा.

"आठ दिवस हलू नको" हा सल्लाही आता जुना झाला. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात लवकर खाणे, लवकर चालणे आणि वेदना वेळीच आवरणे यांवर भर दिला. आज अनेक ऑपरेशनांनंतर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभे करतात. दुखणे सोसत पडून राहिले तर खोकता येत नाही, छातीत कफ साठतो. म्हणून वेदनाशामक मागायला संकोच करू नका.

वयस्कर माणसे रात्री गोंधळली, घरच्यांना ओळखेनाशी झाली, तर नर्सला लगेच सांगा. चष्मा, कानाचे यंत्र द्या, ओळखीचे माणूस जवळ बसवा. घरी आल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली-दुखली किंवा अचानक धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.