वावर : शब्द एक, अर्थ दोन

'वावर' म्हणजे आपल्याकडे शेत. 'बाबा वावरात गेले' हे रोजचंच बोलणं. हे झालं 'ते' वावर. दुसरा 'तो' वावर, म्हणजे 'वावरणे', ये-जा, फिरणं. वनविभागाच्या सूचनेत 'वाघाचा वावर' लिहितात तो हाच. वाघ तिथंच बसून आहे असा याचा अर्थ नाही. पण त्या भागात त्याची ये-जा आहे, केव्हाही दिसू शकतो, असा आहे. ताडोबालगतच्या गावांत हा शब्द वाघासाठी जुनाच. ऑक्टोबर २०२१ मध्ये ओडिशाकडचे रानटी हत्ती छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत आले, तेव्हापासून त्यांच्यासाठीही तो चालतो. धानाच्या बांधीत निंदण सुरू असलं की दोन्ही वावर एकत्र येतात. सूचना लागली की एकट्यानं जाऊ नका.